उकिरड्यावरचं मँगोस्टीन

मु. पो. पिंपळगाव राजा, तालुका खामगाव
आखाजीचा (म्हणजे अक्षय्य तृतीयेचा) दुसरा दिवस

तीर्थस्वरूप सौ. बेबीताईच्या पायी धाकटा चुलतभाऊ उकंडा याचा दंडवत. दाजींनाही दंडवत, पण जरा लांबून, कारण त्यांची छत्री अजून माझ्याकडेच आहे. इकडे सगळं बरं आहे. आईचा गुडघा दुखतो, पुंजाजीदादाचा आवाज खणखणीत आहे आणि शालूवहिनी आहे म्हणून घर चाललं आहे. तिकडे पाऊस कसा आहे असं विचारणार होतो, पण वैशाखात सावंतवाडीलाही पाऊस नसतो हे मला आता कळतं. (तुझ्याकडे अख्खा पावसाळा काढून मी काहीच शिकलो नाही असं दादा म्हणतो. त्याला एवढं वाक्य दाखवणार आहे.)

पत्रास कारण की, तू दिलेल्या तीन रोपांपैकी एक जिवंत आहे. हे मी अगोदरच सांगून टाकतो, कारण पुढे वाचताना दोन मरतील तेव्हा तू जेवणावरून उठशील, आणि तुझं जेवण मोडलं तर दाजी छत्रीचा विषय काढतील. ताई, तुझे उपकार किती लिहू? दाजींची सडकेच्या खात्यात तिकडे बदली झाली, आणि आपल्या घरातलं पहिलं माणूस कोकणात गेलं, हे कळल्यावर मी न कळवता येऊन टपकलो. तरी तू 'कधी जाशील' म्हणून एकदाही विचारलं नाहीस. उलट मला मँगोस्टीन खाऊ घातलंस. जांभळ्या जाड सालीच्या आत लसणासारख्या पांढऱ्या पाकळ्या निघाल्या तेव्हा मला वाटलं, ताई थट्टा करते. मग तू फळ उलटं करून बुडाशी असलेलं इवलंसं फूल दाखवलंस आणि म्हणालीस, याच्या जितक्या पाकळ्या तितक्याच आत फोडी. मी टोपलीभर फळं फोडून खात्री केली. (ती पाहुण्यांसाठी होती हे मागाहून कळलं.) बाहेर सांगितलं तेच आत निघतं, अशी वस्तू मी जन्मात पाहिली नव्हती. माणसांत तर नाहीच.

तर तुपाच्या रिकाम्या डब्यांतली ती तीन रोपं मांडीवर घेऊन मी नांदुरा स्टेशनला उतरलो. दादा गाडी जुंपून आला होता. डबे पाहून त्याचा चेहरा उजळला. "काय आनलं बे? तूप?" मी म्हटलं, झाडं. तो म्हणे, "काऊन, आपल्या इकडे झाडं नाईत काय?" मी त्याला समजावलं, की दादा, आता मुंबई, कोकण, वऱ्हाड सगळं एका राज्यात आलं, मग कोकणातल्या झाडानं वऱ्हाडात काऊन राहू नये? त्यावर त्यानं पिंपळगाव येईपर्यंत नुसते बैल हाकले. वेशीत गाडी थांबवली आणि म्हणाला, "शिवणकाम शिकाले गेला, सुई हरवून आला. सायकलच्या दुकानात बसला, मालकाचीच सायकल घेऊन गेला. हाती घेतलेलं एक काम पुरं करून दाखव. आखाजीपर्यंत या झाडाले एक नवं पान आलं तर तू मळ्यात राह्य, मी बोलणार नाई. नाई आलं तर आखाजीले खामगावच्या कापसाच्या जिनात लागाचं. मी बोलून ठेवलं हाय."

जिन म्हणजे काय ते तुला माहीत आहे. मी तिथे एक दिवस गेलो होतो. नाकात सरकीची लव, आणि भोंगा वाजला की जेवायचं, भोंगा वाजला की उठायचं. भूक लागली म्हणून जेवता येत नाही, ताई. माझ्यासारखा माणूस तिथे आठवड्यात वाळून गेला असता. म्हणजे रोपाचा आणि माझा जीव एकाच डब्यात होता म्हण.

आता तू मला त्या झाडाचा स्वभाव पायरीवर बसून तीनतीनदा समजावला होतास. कोवळेपणी ऊन नको, सावली पाहिजे. वारा नको. थंडी तर मुळीच नको. हवेत ओल पाहिजे, बुडाशी पाणी सतत पाहिजे, पण साचलेलं नको. माती आंबूस, पालापाचोळा कुजलेली पाहिजे. मुळं नाजूक, त्यांना हात लावायचा नाही. मी मान डोलवत होतो, पण माझं लक्ष खाली सुपारी सोलणाऱ्या म्हातारीकडे होतं. (काय वेगानं सोलायची ती, अगं. मी तिच्याकडून शिकणार होतो, राहून गेलं.) इथे आल्यावर एकेक आठवायला लागलं आणि कळलं की त्याला जे पाहिजे ते आपल्या जिल्ह्यात नाही, आणि आपल्या जिल्ह्यात जे आहे ते त्याला चालत नाही. आपली माती काळी, चुनखडीची, पावसाळ्यात चिकटते आणि उन्हाळ्यात अशी भेगाळते की कोंबडीचं पिल्लू आत जाईल. वारा तर विचारूच नको.

पहिलं रोप दादानं स्वतःच्या हातानं लावलं, हे मी आवर्जून लिहितो. पाहुणं झाड म्हणून त्यानं मानाची जागा दिली, विहिरीच्या काठावर, भर उन्हात. मी सावलीचं बोललो तर म्हणे, "असं कोणतं झाड हाय बे, जे सावलीत बसून खाते? तुह्यासारखं?" मग गावातलं जे माणूस पाहायला येई ते तांब्याभर पाणी ओतून जाई. बुडाशी चिखल आणि डोक्यावर कार्तिकातलं ऊन. आठवडाभरात ते गेलं. दादा म्हणाला, झाडच लाडावलेलं होतं.

दुसऱ्यासाठी मी डोकं चालवलं. किसनरावांचा पानमळा तू पाहिला आहेस. आत गारवा, ओल, वर हिरवं छप्पर, म्हणजे कोकणच. किसनराव वहाणा घालून कोणाला आत येऊ देत नाहीत, पण रोपाला वहाणा नव्हत्या, म्हणून जागा मिळाली. रोप खुशीत होतं. मी फक्त एका दिवसासाठी रोहिणखेडला गेलो. कारण असं की मोटारीत एक गवंडी भेटला, तो म्हणाला तिथल्या जुन्या मशिदीचा दगड पाहण्यासारखा आहे. दगड खरंच पाहण्यासारखा आहे. मग त्या गवंड्याच्या मेव्हण्याचं लग्न निघालं, लग्नात बँडवाल्यांचा एक माणूस कमी पडला, आणि ताई, झांजा वाजवायला काही शिकावं लागत नाही. परत आलो तर किसनराव दारातच उभे. म्हणाले, "उकंड्या, तुह्या झाडाले माही बकरी लागली. पण काळजी करू नको, बकरीले काई झालं नाई." मी बकरीची चौकशी करायला आलो आहे अशीच त्यांची समजूत होती.

आता उरलं एक. आणि आली पौषातली थंडी. त्याची दोनच पानं राहिली होती, त्यातलं एक तपकिरी झालं. मी डबा रात्री चुलीपाशी ठेवी, दिवसा गोधडीत गुंडाळी. वहिनी म्हणाली, "भाऊजी, लगन झालं असतं तर इतक्या वेळात लेकरू झालं असतं." पण मला हसू येईना. दादानं जिनात जायला माझी जुनी पेटी माळ्यावरून काढून ठेवली होती.

तेव्हा आई उठली. तुला ठाऊकच आहे, माझ्याआधीची दोन लेकरं आईला लाभली नाहीत. म्हणून मी झालो तेव्हा रिवाजाप्रमाणे मला उकिरड्यावर ठेवलं, शेजारच्या मंजुळाबाईनं परकी म्हणून उचललं आणि आईनं सूपभर कण्या देऊन मला तिच्याकडून परत घेतलं. दैवानं समजावं की हे पोर टाकाऊ आहे, नेण्यासारखं नाही. म्हणून मी उकंडा. (आपलं नाव असं काऊन म्हणून मी लहानपणी रडायचो. आता वाटतं, ज्याला टिकवायचं त्यालाच असं नाव देतात.) आई म्हणाली, "दोन गेले, हे तिसरं हाय. याचाही तोच उपाव." तिनं डबा उचलला, गोठ्यामागच्या चिंचेखालच्या उकिरड्यावर ठेवला, झाडाचं नाव कडूबा ठेवलं आणि मंजुळाबाईला उचलायला बोलावणं धाडलं.

मंजुळाबाई लेकीच्या बाळंतपणाला डोणगावला गेलेली. आता रिवाज असा की उचलायचं ते परक्याच्याच हातानं, आणि आईला परकी म्हणून मंजुळाबाईच पाहिजे, दुसरीचा हातगुण तिला ठाऊक नाही. तेव्हा कोणी हात लावायचा नाही, असा हुकूम. मी हातापाया पडलो, पण आईपुढे कोणाचं चालतं? मंजुळाबाई बाळाचं बारसं, पाळणा, सगळं उरकून आली ती थेट फाल्गुनात. तोवर कडूबा उकिरड्यावर.

आणि ताई, तिथे काय झालं ते ऐक. खालून जुन्या कुजलेल्या शेणाची ऊब. वरून चिंचेची सावली, आणि तिचा पाला सारखा गळतो, मातीत आंबतो. एका बाजूला गोठ्याची भिंत, वारा बंद. दुसऱ्या बाजूला बैलांच्या पाण्याचा फुटका रांजण, जो दादा तीन वर्षं बदलणार आहे, तो अहोरात्र ठिबकतो. तू पायरीवर सांगितलेलं सगळं तिथे होतं, बोलावल्यासारखं. मंजुळाबाईनं डबा उचलायला हात घातला तर डबा हलेना. बूड गंजून गेलं होतं आणि कडूबा खाली उतरला होता. वर दोन नवी पानं, तांबूस, लुसलुशीत. आईनं सूपभर कण्या तिथेच मंजुळाबाईच्या ओटीत घातल्या आणि गुडघ्याला हात लावून खाली बसली.

झाड जगलं, पण जागा उकिरड्याची. नवं शेण कुठे टाकायचं? दादा म्हणे, "एका झाडासाठी उकिरडा हलवते काय कोणी?" मी बरंच बोललो. त्याच सुमारास शेतकी खात्याचे एक साहेब आले, कडूबाला पाहून हसले, आणि दादाला विहिरीकडे नेऊन काहीतरी सांगत बसले. दुसऱ्या दिवशी सकाळी पाहतो तर दादा स्वतः गाडी जुंपून शेण वाहतो आहे. माझं बोलणं उशिरा का होईना त्याच्या मनात उतरलं होतं. काल आखाजीला माझी पेटी त्यानं परत माळ्यावर टाकली आणि पुरणपोळीवर तूप वाढताना म्हणाला, "तुह्या कडूबाले ऊन लागून राह्यलं, पोतं ओलं करून बांध." एवढंच. पण तूप दोनदा वाढलं.

हे सगळं तुझ्यामुळे, ताई. तू रोपं दिली नसतीस तर आज मी भोंग्यावर जेवत असतो. दाजींची छत्री कडूबावर धरली आहे, चांगल्या कामी लागली आहे असं त्यांना सांग.

तुझा,
उकंडा

ता. क. — खरं काम लिहायचं राहिलं. हे झाड दहा वर्षांनी फळतं असं तू म्हणाली होतीस. दादाला मी फक्त 'फळेल लवकर' एवढंच सांगितलं आहे. त्याला दहा वर्षांचं कळलं तर उकिरडा परत आणून टाकील. त्यानं तुला विचारलं तर तूही लवकरच म्हण.

ता. क. दुसरा — त्या गवंड्यानं लोणारकडे बोलावलं आहे. चार दिवसांत येतो. पाणी वहिनी घालेल.

सौ. बेबीताईस शालूचा नमस्कार. भाऊजीनं लखोटा चिकटवाले माह्याकडे देल्ला, म्हणून मी वाचला. दहा वर्षं लागतात हे त्या साहेबानं यायले, म्हणजे तुमच्या भावाले, विहिरीवर सांगतलं. त्याच राती हे सासूबाईले म्हणे, दहा वर्षं म्हणजे पोरगं दहा वर्षं घरी येत राह्यीन, आणि सकाळी उकिरडा हलवला. भाऊजीले हे माहीत नाई, तुम्ही सांगू नका. सासूबाईचा निरोप असा, की त्याच उंचीची दोन रोपं कोणाच्या हातून गुपचूप धाडून द्या. कडूबाले काई झालं तर भाऊजी यायच्या आंधी दुसरं लावून ठेवू.