दाराबाहेर ऐकू जाईल असा कीबोर्ड

अड्यार, चेन्नई
११ मार्च २००९

तीर्थस्वरूप अलकाताईस,

सिद्धार्थचा साष्टांग नमस्कार. (मनातल्या मनात घातला असं समज, इथल्या फरशीवर मार्चातच पोळी भाजेल.) तुझी कंबर, भाऊजींची साखर आणि रेवाची दहावी ही तिन्ही दुखणी आटोक्यात असतील अशी आशा आहे. इकडे नानांची प्रकृती उत्तम. गोळ्या वेळेवर घेतात, सांबाराला नावं ठेवतात आणि दोनदा मागून घेतात. माझी नोकरी गेली. बाकी सर्व क्षेम.

ती शेवटून दुसरी ओळ चुकून पडलेली नाही, ताई. इरुंगाट्टुकोट्टैच्या कारखान्यात आम्ही ट्रकच्या ब्रेकचे भाग बनवत होतो, आणि ट्रक घेणारंच कुणी उरलं नाही. जानेवारीच्या शेवटी डिझाइनमधल्या अकरा जणांना एकेक पाकीट आणि एकेक मिठाईचा डबा दिला. (मिठाई पोंगलची उरलेली होती.) नानांना हे सांगितलेलं नाही. नोव्हेंबरात त्यांना स्टेंट बसवली तेव्हा डॉक्टरांनी बजावलं होतं, मनाला धक्का बसता कामा नये. म्हणून मी सांगितलं, कंपनीने आता घरून काम करायची सोय केली आहे. नानांना ते इतकं पटलं, की खालच्या मजल्यावरच्या तुळजाजींना ते सांगूनही आले, आमच्या सिद्धूवाचून कंपनीचं पान हलत नाही.

आता घरून काम करायचं म्हणजे करायचं काय? नऊ ते सहा दार लावून बसतो. अर्ज पहिल्या दोन दिवसांतच पाठवून झाले, उत्तरं येत नाहीत. पहिले काही दिवस पत्त्यांचा खेळ खेळलो, पण तो माउसवर चालतो आणि खोली चिडीचूप. बाहेरून नानांनी विचारलं, झोपलास का रे? तेव्हा उजेड पडला. नाशिकच्या कोर्टात एकतीस वर्षं टायपिस्ट असलेल्या माणसाच्या लेखी काम म्हणजे आवाज. आणि माझा कीबोर्ड रबरी. दाबला तर नुसता सुस्कारा टाकतो.

म्हणून रिची स्ट्रीटवर, इथल्या कॉम्प्युटरच्या बाजारात गेलो. (घरी सांगितलं, मीटिंग आहे, शर्टही इस्त्रीचा घातला.) तिथे गुरुमूर्ती नावाच्या गृहस्थांचं दुकान आहे, छतापर्यंत कीबोर्डच कीबोर्ड. मेकॅनिकल हवा म्हटल्यावर त्यांनी मला आदराने स्टूल दिलं. मेकॅनिकल म्हणजे प्रत्येक बटणाखाली स्वतंत्र स्प्रिंग आणि स्वतःचा खटका. एक जात सरळ गुळगुळीत खाली जाते, ती खेळणाऱ्यांची. दुसरी मधेच बोटाला जरा अडवते, ती लिहिणाऱ्यांची. तिसरी खट्ट वाजते, आणि लग्न झालेली माणसं ती सहसा घेत नाहीत. थोडं खेळणं, रोजचं लिहिणं असेल तर मधली न्या, असं त्यांनी अगदी मनापासून सुचवलं. मी म्हटलं, वाजणारी दाखवा, आणि त्यातली सगळ्यात जास्त वाजणारी. “सत्तम वेणुमा, सार?” आवाज पाहिजे? असं त्यांनी दोनदा विचारलं, आणि मग माळ्यावरून कुठल्याशा बंद पडलेल्या ऑफिसातला, वीस वर्षांचा, पिवळट पडलेला, पाट्यासारखा जड कीबोर्ड काढला. मी त्यांना आतल्या गोदामात बसवलं, दार लावून घेतलं आणि बाहेरून ओरडलो, टाइप करा! मला स्वच्छ ऐकू आलं. (पलीकडच्या दुकानांतही गेलं, लोक बघायला आले.) कागदात गुंडाळता गुंडाळता त्यांनी एवढंच विचारलं, घरात म्हातारं माणूस आहे का? मी हो म्हटलं. त्यांना वाटलं असेल, कानाने अधू आहेत.

तेव्हापासून घर कसं कामाला लागल्यासारखं वाटतं. मी गाड्यांच्या शर्यतीचा खेळ खेळतो, चार बाणांवर, जीव तोडून. सहा वर्षं ब्रेकची ड्रॉइंगं काढली, पण दिवसातून चाळीसदा भिंतीवर जातो. अकरा वाजता नाना चहा आणतात. आधी दाराशी खोकतात, मग थांबतात, मग टकटक करतात. तेवढ्यात मी खेळ झाकून ब्रेकचं जुनं ड्रॉइंग समोर आणतो. ते पडद्याकडे बघतही नाहीत. फार ताण घेऊ नकोस, म्हणतात आणि जातात. ताई, पाकीट मिळालं तेव्हा मी रडलो नव्हतो. हा चहा मात्र मला गिळवत नाही.

भाऊजींना नमस्कार, रेवाला आशीर्वाद.

तुझा,
सिद्धार्थ

ता. क. : हे कीबोर्डपुराण लावलं ते एका विनंतीसाठी. नानांना तू नाशिकला बोलावून घे. परीक्षेच्या दिवसांत रेवाला आजोबा जवळ हवेत, असं काहीतरी सांग. खोटं तुला माझ्यापेक्षा बरं जमतं. दाराशी खोकण्याची वाट बघत बसणं आता मला झेपत नाही.

ता. ता. क. : वरची विनंती रद्द. आत्ता नाना आले, आणि आज खोकले नाहीत. “अलकाला लिहितोयस ना?” म्हणाले. तुम्हाला कसं कळलं, विचारलं. “आज स्पेसबार वाजतोय. महिनाभर नुसत्या चार कळा वाजत होत्या, त्याही एकाच कोपऱ्यातल्या. चार अक्षरांत भागणारी भाषा मी तरी कधी टाइप केली नाही.” म्हणजे कीबोर्ड आला त्या पहिल्या दिवसापासून त्यांना माहीत होतं. खोकायचे ते मला खेळ झाकायला वेळ मिळावा म्हणून. मग बोलला का नाहीत, म्हटलं, तर म्हणाले, “मनाला धक्का देऊ नका असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. मला वाटलं, ते दोघांना लागू आहे.”

शेवटचं, हाताने : कीबोर्ड नानांनी घेतला आहे. माझा अर्ज वाचून, यावर शिपायाचीही जागा मिळायची नाही म्हणाले, आणि मला खुर्चीवरून उठवून स्वतः बसले. दारही त्यांनीच लावून घेतलं. मी बाहेर त्यांच्या पलंगावर बसून हे लिहितोय. आतून दहा बोटांचा असा भरभर, सलग आवाज येतोय, की खरोखरच या घरात कुणीतरी कामावर आहे असं वाटतं. चार वाजत आले. चहा आज मी करणार आहे. आत नेण्याआधी दाराशी खोकेन.