पान न घेता उठलेलं गाव

४ नोव्हेंबर. बाजारकुणंग.
माहेरी. कंपनीच्या साहेबानं शाळेत घेतलेल्या सभेचं आज आप्पांनी नीट सांगितलं. गावामागचं रान कंपनी राखणार, त्या बदल्यात कुठल्या तरी लांबच्या कारखान्यांना धूर सोडायची मुभा मिळणार. आम्ही मात्र शेताला पाला तोडायचा नाही, कंद खणायचे नाहीत. सगळं सांगून झाल्यावर रीतीप्रमाणे पानाचं ताट फिरलं. आप्पा गावकार, गावचे प्रमुख, म्हणून आधी त्यांच्यापुढं.
"कोन कायबी बोललं न्हाई. पान तसंच ठिवून उटलो."
आमच्यात याहून मोठा नकार नाही. पाहुण्याला तोंडावर न्हाई म्हणणं शोभत नाही, म्हणून ही रीत. साहेबानं स्वतः मात्र दोन पानं चघळली म्हणे!
उद्या निघायचं. रामनगरच्या आमच्या संस्थेतर्फे हवामान परिषदेला, निरीक्षक म्हणून. आप्पांचा निरोप एवढाच, "गावानं व्हय म्हटल्याबिगर रान घिऊ नका, आसं सांग तितं." आईचा निरोप, शाल घे.

९ नोव्हेंबर. परिषद.
लग्नाच्या हॉलसारखे मंडप, पण संपतच नाहीत. गळ्यातल्या पट्टीच्या रंगावर माणसाची पत. आमच्या रंगानं फक्त बसायचं. देशांचं बोलून झालं आणि अध्यक्षांकडे वेळ उरला, तर आम्हाला दोन मिनिटं. अजून उरलेला नाही.
आपलं वाक्य मसुद्यात आहे! 'स्थानिक लोकांच्या संमतीशिवाय प्रकल्प नाही.' पण कंसात. कुठल्याही एका देशाला नको असलं की वाक्य कंसात जातं, आणि कंस निघेपर्यंत भांडण. सगळं एकमतानं, मतदान नाही. ऐकून बरं वाटलं. आमच्या गावकीसारखंच की.

१२ नोव्हें.
आज दारं बंद. खरं बोलणं लहान खोल्यांत चालतं, निरीक्षक बाहेर. दिवसभर कॉरिडॉरच्या गालिच्यावर बसून चिवडा खाल्ला. मोठ्या देशांची माणसं इतकी, की स्वल्पविरामालासुद्धा एकेक वकील. आपल्या वाक्यासाठी आत एकटी भांडतेय ती एका छोट्या बेटाच्या देशाची बाई. एकटीच आलीये. या खोलीतून त्या खोलीत पळत असते. ती नसली की त्या खोलीत तिचा देशच नाही. पळता पळता माझ्याकडून मूठभर चिवडा घेतला.

१४ नोव्हें.
बेटवाल्या बाईंनी आज स्वतःहून गाठलं. आत सांगायला एक खरं उदाहरण हवं होतं. मी गावाचं सांगायला लागले. त्यांनी मध्येच विचारलं, "सभेत विरोध झाला?"
मी छाती फुगवून म्हटलं, "एक माणूस तोंडातून शब्द काढेल तर शपथ!"
त्या बघत राहिल्या. पेनाला टोपण लावलं. पानाचं सांगणार तेवढ्यात त्यांना कुणी तरी हाक मारली.
आप्पांना फोन केला, काम फत्ते म्हणून.

१५ नोव्हें.
नवा मसुदा आला. वाक्य नाही. त्या जागी 'स्थानिक लोकांशी सल्लामसलत करून'. सल्लामसलत काय, झालीच की शाळेत.
बाई जिन्यात सापडल्या. म्हणाल्या, "तूच म्हणालीस, कुणी हरकत घेतली नाही. समोरचे म्हणत होते, दोनपैकी एकच वाक्य ठेवा. दुसरं माझ्या बेटाचं होतं, समुद्रात चाललेल्या जमिनीचं. मी ते ठेवलं."
मग पानाचं सांगितलं. सगळं. त्यांनी तोंडावर हात ठेवला. "आता मसुदा पुन्हा उघडता येणार नाही. एक टाका सोडला तर सगळंच उसवतं."
त्यांचा राग येत नाही. त्यांच्या जागी मीही माझंच रान धरलं असतं. राग माझा येतोय. नको ते आधी बोलले, पानाचं राहिलं. गाढव मी!

१७ नोव्हें.
शेवटची सभा, ठरल्यापेक्षा एक दिवस उशिरा. माणसं खुर्च्यांवर आडवी झालेली. अध्यक्ष म्हणतात, हरकत दिसत नाही, मंजूर, की हातोडा. मध्ये श्वास घ्यायलाही जागा नाही. गप्प बसला तो व्हय म्हणाला, हा इथला कायदा. आपला परिच्छेदही तसाच गेला. बेटवाल्या बाई मान खाली घालून बसल्या होत्या.
निरीक्षकांची पाळी आली तेव्हा दुभाष्यांची वेळ संपली होती. भाषणं संकेतस्थळावर टाका म्हणाले. दोन मिनिटांचा कागद परत पिशवीत.

२३ नोव्हें. बाजारकुणंग.
आप्पा रागावले नाहीत. ते जास्त लागलं. कंपनीची पुन्हा सभा आहे. मी म्हटलं, या वेळी मोठ्यानं बोला.
"पाव्हन्याच्या तोंडावर न्हाई म्हनायचं?"
"व्हय."
"आमच्या बापजाद्यांनी कंदी क्येलं न्हाई त्ये."

२८ नोव्हें.
सभा झाली. साहेबानं विचारलं, "कुणाची हरकत?" सगळे आप्पांकडे बघायला लागले. आप्पा उठले. "सायेब, तुमी लांबनं आलासा..." आणि पुढं शब्दच फुटेना. साहेब हसून लिहायला लागला.
मी मागून ओरडले, "थांबा, त्यांचं झालं नाही!"
"ताई, तुम्ही या गावच्या का?"
नाही. लग्नानंतर यादीतलं नाव आता रामनगरला. इथंही मी निरीक्षकच.
आप्पा म्हणाले, "लेक हाय ती माजी." बस, एवढंच.
साहेबानं पेन थांबवलं. पुढच्या आठवड्यात येतो, तोवर ठरवा म्हणाला, आणि गेला.
दिवेलागणीला आमच्या अंगणात सगळे जमले. मी विचारलं, पुढच्या वेळी न्हाई कोण म्हणणार? कुणी बोललं नाही. चुलतभाऊ शंकर जमिनीकडं बघत होता. त्याला कंपनीनं रानावर राखणदाराची नोकरी कबूल केलीये, हे मला आजच कळलं. आणखी कुणाकुणाला केलीये, माहीत नाही. एकेक जण उठून गेला. लहानपणापासून या माणसांचं गप्प बसणं मला बरोबर कळायचं. आज कळलं नाही.