चांदीचं भांडं

प्रिय बिरू,

तुझं पत्र पोचलं. सून वाचून दाखवते म्हणाली, मी दिलं नाय. प्रौढांच्या वर्गात अक्षरं गिरवली ती कशासाठी? हे बी मीच लिहितेय. माझ्या चुका काढू नको, आधी तुझी चूक बघ.

तू लिहितोस, आजे, साधी गंमत होती. कंपनीत चहाच्या टायमाला पाण्याच्या टाकीजवळ खिळा ठोकलास, कप टांगलास, आणि पंचवीस माणसांपुढं म्हणालास, कचरूसाहेब, विद्यापीठाचं नाव झालं तुमच्या मनासारखं, आता घ्या तुमचं चांदीचं भांडं. सगळे हसले. कचरू हसला नाय, त्यानं लेखी तक्रार दिली. वीस तारखेला चौकशी हाय, नोकरी जाईल. म्हणून मी त्याच्या आईला, सारजाला, गाठून तक्रार मागं घ्यायला लावावी. वर लिहितोस, तू अन् सारजा तर जन्मभर असंच बोलत आलात!

व्हय, आलो. खुरपायला शेजारी बसलो की मी तिच्या काळ्या रंगावर बोलणार, ती म्हणणार, बाने, वाऱ्याच्या अंगाला बसू नको, मेंढरांचा वास येतो. तुझा आजा कसा घोरतो त्याची नक्कल तर ती अशी करायची की बाया खुरपं टाकून लोळायच्या. मी एक बोलले की तिचे दोन तयार. आणि तू? तू लाइनीचा सुपरवायझर. कचरूची रजा तुझ्या सहीनं, ओव्हरटाइम तुझ्या मर्जीनं. तो तुला उलटून काय बोलणार होता रे, मुडद्या?

एवढं कळत असून बी, नातवाची भाकरी जाते म्हणून, मी बुधवारी गेलेच तिच्याकडं. खुरपणीतल्या थट्टेची आठवण दिली. ती तांदूळ निवडत होती, मान वर केली नाय. म्हणाली, बानाबाई, रंगावर बोललात, मी हसले. कपावर कधी हसले का, आठवा. जन्मभराची बाने त्या दिवशी बानाबाई झाली.

आठवलं. हसायची मीच. पडवीत खिळ्याला तो टवका उडालेला कप. ती आली की मी म्हणायची, काढ तुझं चांदीचं भांडं. ती मुकाट काढायची, चहा प्यायची, धुऊन परत टांगायची. नामांतराच्या दंगलीत त्यांची घरं जाळली, तेव्हा ती पोरं घेऊन आपल्या दारात आली. मी आसरा दिला, असं सोळा वर्षं गावाला सांगत आले. कुठं दिला? मेंढरांच्या वाड्यात. घरात दोन खोल्या रिकाम्या होत्या. तीन दिवस चौघांत एकच कप. कचरू दहाचा, तू बी दहाचा. तू वरून पाणी ओतायचास अन् माझ्याच आवाजात म्हणायचास, घे तुझं चांदीचं भांडं. मी पोट धरून हसले होते. पोरगं किती हुशार, म्हणून शेजारणीला सांगितलं होतं.

लई राग आलाय बिरू. तुझा आलाय, पण तुझ्यावर काढून संपत नाय.

सारजाला मी पुन्हा काही सांगणार नाय. वीस तारखेला सकाळच्या यष्टीनं येतेय. बजाजनगरला तुझ्या खोलीवर नाय, थेट कंपनीच्या गेटवर. पिशवीत तो कप असेल. साहेबानं आत घेतलं तर टेबलावर ठेवीन अन् सांगीन, ही गंमत नव्हती, आमच्या घरात बी कधी नव्हती, पोराला मीच शिकवली. नोकरी राहील का जाईल, मला ठाऊक नाय. तुला विचारायला हे लिहिलं नाय. माझ्या आधी तू कचरूसमोर खरं बोलावंस म्हणून लिहिलंय. बोललास तर मी गेटवरूनच परत फिरेन. नाय बोललास, तर म्हातारी आत येणार.

तुझीच, तुला लाडानं बिघडवणारी,
आजी बानाबाई