शेजारच्या सीटखालचा ब्रेक

मॅडम,

भाची म्हणणार नाही. काल माझं लायसन्स निलंबित करताना तूही मला मामा म्हणाली नाहीस. इतरांना तीन महिने देतेस आणि मला सहा, का तर मी नात्यातला.

आदेशात लिहिलंस, 'शिकाऊ महिलेने गाडी दुकानाच्या पायरीवर चढवली, तेव्हा प्रशिक्षकाने आपल्या बाजूचा ब्रेक वेळेत दाबला नाही.' वाचून माझं टाळकंच सरकलं. सव्वीस वर्षं ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीत बसून लोकांच्या चुका पायाने निस्तरल्या, आणि एकदा गुडघा आखडला तर मी निष्काळजी? वर मला शिकवतेस, "अपील करा, तीस दिवस आहेत."

करतोच. कारण म्हणून तुझी स्वतःची लायसन्सची परीक्षा पुरे आहे. चढावर गाडी मागे घसरत होती, तू क्लचशी झटत होतीस, शेजारच्या सीटवर मी होतो आणि मागे बसलेला परीक्षक कागदात डोकं घालून होता. गाडी थांबली, तू पास झालीस. पहिल्याच फटक्यात पास झाले म्हणून अजून मिरवतेस. ती गाडी तू थांबवली नव्हतीस, बाई.

एवढं अपिलात लिहिलं आणि फाडून टाकलं. तुला मी ओळखतो. हे कळलं तर उद्याच स्वतःच्या लायसन्सवरही अशीच सही ठोकशील. म्हणून हे पत्रही तुला धाडणार नाही.

सुनावणीत तुझा वरचा साहेब विचारेल, "तुमचा पाय वेळेवर पडल्याचं एखादं उदाहरण आहे का?" तू समोरच बसलेली असशील. मी म्हणेन, "नाही."

तुझ्यावर भडकलेला,
मामा