समोर गिळायची गोळी

३ फेब्रुवारी २००३
आज झिंज्या धरून ओढलं. मूठभर केस घनश्यामच्या हातात आले आणि तोच दचकला! हाताकडे बघत उभा राहिला, मग केस चुलीत टाकले. घरभर जळका वास. थायरॉईडने केस गळतात हे नवऱ्याला वर्षभर सांगतेय. आज त्याला वाटलं असेल, आपणच उपटले.

कारण काय, तर जाळं वाळत घातलं नाही. विसरले. बसल्या बसल्या डोळा लागला, भात करपला, जाळं ओलं ते ओलंच. "गोळी तं खाऊन राह्यली ना रोज? मंग आता कायची झोप?" त्याचं एवढंच म्हणणं. गोळी सुरू व्हायच्या आधी मी आजारी होते, तेव्हा त्याने कधी हात उचलला नाही, खोटं कशाला लिहू. गोळी सुरू झाली त्या दिवसापासून मी आळशी झाले.

१० फेब्रुवारी
अंग ठणकतंय. मारलेलं कोणतं आणि आजाराचं कोणतं, कळत नाही.

१९ फेब्रुवारी
चंद्रपूरला जाऊन आले. टीएसएच एक्केचाळीस! पाचच्या आत पाहिजे. मागच्या वेळी अडतीस होता. म्हणजे गोळ्या खाऊन वाढला! डॉक्टर म्हणाला, "तुम्ही गोळ्या चुकवता." नाही चुकवत! एक दिवस नाही! सहाला उठते, उपाशीपोटी, पाण्याबरोबर घेते. त्याने मान हलवली आणि शंभरची सव्वाशे करून दिली.

येताना एसटीत पोंभुर्ण्यापर्यंत झोपले, कंडक्टरने उठवलं. घरी घनश्यामने विचारलं, मी सगळं खरं सांगितलं. मूर्ख मी. "डाक्टर भी म्हणते तू खोटारडी आहे म्हणून!" रिपोर्टचा बोळा तोंडावर फेकला. मग चप्पल.

४ मार्च
सात वाजता अंगणवाडीत रोजचा तमाशा. गरोदर बायकांना रक्तवाढीची लाल गोळी द्यायची, हे सेविकेचं, म्हणजे माझं काम. दोन वर्षांपूर्वी कोणीतरी उठवलं, ही पोरं बंद करायची गोळी आहे. बायका पदराला बांधून न्यायच्या आणि तलावात फेकायच्या. शेवटी बिरजूची बायको गिरजा, आमची शेजारीण, सगळ्यांदेखत म्हणाली, "तूच खाऊन दाखव ना, सोनीबाई." दाखवली. तेव्हापासून रोज एक मी समोर गिळते, जीभ बाहेर काढून दाखवते, मगच त्या गिळतात. आमच्या गावात समोर केल्याशिवाय कोणी मानत नाही. पण दोन वर्षांत बाळंतपणात एक बाई गेली नाही. याचा मला माज आहे, असू दे.

गिरजाला पाचवा महिना आहे.

१२ मार्च
मी करिश्माला मारलं. गिरजाची पोर, चार वर्षांची. खिचडी सांडली एवढंच. गालावर पाच बोटं उठली. माझा हात असा कधी चालला कळलंच नाही — घरी तर पापणी उचलायला जड जाते!

गिरजा भांडायला येईल म्हणून घाबरून बसले होते. आली. हळूच म्हणाली, "तुयं तोंड मले रोज दिसते बाई. पण माह्या पोरीवर नोको काढू." ती गेल्यावर खूप रडले. घनश्याम आणि मी, दोघांत फरक काय राहिला?

२ एप्रिल
काल वल्ह्याने मारलं. बरगडीत. सासू, बायनाबाई, दारात तांदूळ निवडत होती. म्हणाली, "तोंडावर नोको मारू रे, अंगणवाडीत जाते ते." आणि पुन्हा निवडायला लागली!

लोक आता उघड्यावर झोपतात, मी गोधडी घेऊन कुडकुडते. त्याच वल्ह्याने मला त्याचं डोकं फोडायचं आहे. लिहूनच ठेवते. माझ्यात ते उचलायचं बळ नाही, म्हणून तो धड आहे.

२१ एप्रिल
दुसरी डॉक्टर बघितली, बाई आहे. तिने रिपोर्ट बाजूला ठेवला. "सकाळी उठल्यापासून तोंडात काय काय जातं, घड्याळ लावून सांगा." सांगितलं. सहाला पांढरी गोळी. सातला लाल. तिने पेन खाली ठेवलं. "लाल म्हणजे लोहाची? रोज? अहो, कशाला?"

बायकांसाठी, म्हटलं.

लोह माझी गोळी पोटातच धरून ठेवतं. रक्तात जाऊच देत नाही. दोघींमध्ये चार तास पाहिजेत. एवढंच! वर्षभर मी सहाला औषध घेत होते आणि सातला माझ्याच हाताने त्याची वाट लावत होते! हसायला आलं, हसता हसता रडले. तिने दंडावरचं काळंनिळं बघून विचारलं, "हे काय?" पडले, म्हटलं.

लाल गोळी आता दहाला.

३० जून
टीएसएच सहा! हातापायांत जीव आलाय. भात करपत नाही. डोंगराएवढं ओलं जाळं एकटी उचलून वाळत घालते. घनश्यामला कारणच मिळत नाही, गोड बोलतो. लोहाचं सगळं समजावून सांगितलं. "हो हो," म्हणाला. ऐकलं नाही, मला कळलं.

१४ जुलै
गिरजा दहाला आली. ओठ फाटलेला, पुढचा दात अर्धा. नववा महिना! मी विचारलं, तर माझ्याकडेच रागाने बघितलं.

"तुया नवऱ्यानं सांगितलं ना बिरजूले, तलावाच्या पाळीवर बसून. गोळ्यांनं काई झालं नाई म्हणे, वल्ह्यानं झोडपली तवा बायको सुधरली. पाहा आता कशी भिंगरीवानी फिरते म्हणे! बिरजूनं तुयाकडं पाहलं अन् त्याले पटलं."

मी बरी झाले ती मार लागू पडतो हे गावाला दाखवायला! लोहाचं सांगणार होते. पण नुसतं सांगून कोण मानणार?

१५ जुलै
सहाला पांढरी गोळी, उपाशीपोटी. साडेसहाला तलावाच्या पाळीवर गेले. मासे धरून डोंगे काठाला लागत होते, सगळे होते, बिरजूही. घनश्यामचं वल्हं उचललं — उचललं गेलं! त्याचा उजवा हात कोपरात मोडला. दुसरा घाव त्यालाच, बिरजूकडे बघत घातला: गोळीने काय होतं ते समोर दिसू दे.

पोलीस पाटील अंगणवाडीच्या दारात बसलेत. त्यांना म्हटलं, जरा थांबा भाऊ, दहाला लाल गोळी गिळून दाखवायची आहे, मग येते.