दोन्ही चाकांचे एंड

अण्णा, तुमचं ते चूकच होतं, अन् मी अजून तेच म्हणतो. गिऱ्हाईक एका चाकाचं काम सांगतंय तर तेवढंच करावं अन् मोकळं व्हावं. पण एका बाजूचा टायरॉड एंड, म्हणजे स्टिअरिंग चाकाला जोडणारा सांधा, खिळखिळा झाला की तुम्ही दुसऱ्याही बाजूचा काढणार. "स्टिअरिंगचे दोन हात हायत. एक धड अन् एक लुळा घेऊन गाडी वळंल का?" हे तुमचं ठरलेलं. वर आणखी, ज्यानं नट आवळला त्यानंच पहिल्या फेरीला पुढच्या सीटवर बसायचं.

लातूर नवा जिल्हा झाला होता, त्यात दुष्काळ. साहेब लोकांच्या जीपा टँकरमागं गावोगाव फिरून पार ढिल्या व्हायच्या. नांदेड नाक्यावरच्या आपल्या शेडात हात धुवायला पाणी नव्हतं, आपण रॉकेल अन् लाकडाच्या भुशानं हात पुसायचो. त्या दिवशी जीपचा ड्रायव्हर घाईला आला होता. "मिस्त्री, एकच बदला की. साहेबाला किल्लारीला जायचंय."

तुम्ही जीपखालूनच बोललात, "जायचंच हाय का यायचं पण हाय?"

मी म्हणलं, एकच टाकू की. ड्रायव्हर माझ्याकडं बघून म्हणाला, "पोराला अक्कल हाय, बापाला कवा येणार?" अन् जीप समोरच्या गॅरेजात नेली. मग एकेक करून सगळ्या सरकारी जीपा तिकडंच गेल्या. रात्री आई म्हणाली, "चूल काय तुमच्या नटावर पेटते का?" मी आईच्या बाजूनं होतो. तुम्ही भाकरी मोडत राहिलात. दोन वर्षांनी तुम्ही गेलात, शेड दुसऱ्याची झाली, मी इथं सुरतेला आलो.

परवा एक टॅक्सीवाला फियाट घेऊन आला. डावा एंड गेलेला, पैसे तेवढ्याचेच. गॅरेजचा सेठ म्हणाला, एकच टाक. मी टाकला. मग उगाच उजवं चाक धरून हलवलं, तर त्यातही जरा खेळ, सांधा सैल. तुम्हाला मनातल्या मनात लई शिव्या घातल्या, अन् सेठला म्हणलं, दुसरा माझ्या पगारातून धर. दोन्ही बसवले, पिना नव्या घातल्या अन् जाऊन पुढं बसलो. टॅक्सीवाला हसला, "भाई, भाडा देगा क्या?" गाडी सरळ चालली. मला राग येत होता अन् झोपही. अंग पार मोडून गेलंय अण्णा, सीटवर डोकं टेकलं तर उठू वाटंना.

तिकडं औंदाही पाणी न्हाई. आई घागरी विकत घेते, असं शेजारच्या पोराकडून तिनं लिहून घेतलंय. या बारीला पैसे कमी का, याचं खरं कारण तिला सांगितलं तर म्हणंल, बापावरच गेला. ते मला ऐकायचं न्हाई. हा कागद इथंच गादीखाली राहू दे. मनीऑर्डरवर लिहितो, कामावर दांड्या झाल्या. दर महिन्याला दोनशे पाठवतो, या बारीला एकशे चाळीस.