राख ओली होती, माय

माय, तुझ्याशी भांडायचं राहूनच गेलं. तू होतीस तोवर माझी हिंमत नव्हती, आणि हिंमत आली तोवर तू नव्हतीस. आता बोलते. मध्ये तोंड घालता येणार नाही तुला, हे बरंच आहे. नाहीतर माझं एक वाक्य तरी पुरं होऊ दिलं असतंस का?

आपल्या घरी साबण व्हायचा, ते दिवस आठव. बाबांच्या मागावर चढायचं सूत रंगवण्याआधी साबणाच्या पाण्यात उकळावं लागे, आणि बाजारचा साबण तुला चालत नसे. बुडाला भोक पाडलेल्या मडक्यात तू पऱ्हाटीची, कपाशीच्या वाळल्या झाडांची, राख भरायचीस, वरून पाणी ओतायचीस, खाली थेंबथेंब तपकिरी खाराचं पाणी गळायचं. मग कढईत मोहाच्या बियांचं तेल, त्यात ते पाणी, खाली जाळ, आणि घोटणं. हात भरून येईस्तोवर घोटणं, आणि आळला की शेवटी मीठ. त्यात तुझा एक नियम: बाहेर बसलेल्या बाईची सावलीसुद्धा कढईवर पडता कामा नये, साबण फाटतो. घोटायचा दांडा तू पहिल्यांदा माझ्या हाती दिलास, आणि नेमका त्याच सकाळी मला कावळा शिवला. मी सांगितलं नाही. काहून सांगू? किती दिवसांपासून त्या दांड्यावर डोळा होता माझा.

साबण फाटला. तेल वर, पाणी खाली, कितीही घोटलं तरी एकजीव होईना. तू कढईकडे पाहिलंस, मग माझ्याकडे. "कावळा शिवला ना वं तुले? सांगितलं काहून नाही? साऱ्या घराचं काम नासवलं कार्टीनं!" कढई उकिरड्यावर पालथी केलीस. बाबांचा माग बंद पडला, आणि जेवताना सगळ्यांसमोर म्हणालीस, "हिच्या हाताले गुणच नाही." ते वाक्य मी सासरी घेऊन गेले, माय. लोणचं घालताना, पापड लाटताना, पोराला पहिल्यांदा न्हाऊ घालतानासुद्धा माझे हात मला परके वाटायचे. एवढंसं वाक्य, पण किती वर्षं पुरलं बघ.

पण मीही तुझीच लेक, हट्टी. बेसा गावाला आम्ही घर बांधलं, मागे जराशी जागा निघाली, तेव्हा तिथे चूल मांडली आणि मुद्दाम तसाच साबण करायला घेतला. करता करता एक दिवस लख्ख आठवलं: त्या सकाळी राखेचं पोतं मोरीपाशी होतं, खालून चिंब. राखेतला खार पाण्याबरोबर केव्हाच वाहून गेलेला. मडक्यातून गळलं ते नुसतं रंगाचं पाणी. तरी खात्री करून घेतली. न्हाऊन-धुऊन, देवापुढे दिवा लावून, ओल्या राखेचा केला: फाटला. मग बाहेर बसायच्या दिवशी, कोरड्या राखेचा, भरल्या कढईवर माझी चांगली लांबरुंद सावली पाडून केला. असा आळला म्हणून सांगू! दुसऱ्या दिवशी मागाच्या दोऱ्याने वड्या कापल्या आणि एकटीच हसत बसले. ऐकतेस ना? राख तुझी ओली होती. माझ्या हातांना काहीही झालेलं नव्हतं.

आता गेल्या आठवड्यातलं सांगते. चूल पेटवली आणि सून दाराशीच थबकली. "आई, मले आज नाही जमत. अडचण आहे." तुझी थोरली लेक उमरेडहून माझ्याकडे राहायला आलेली, ती म्हणजे तुझाच छापा. लगेच म्हणाली, "बस मंग आतमधी. मायनं शिकवलं तेच खरं." असा संताप आला मला! दांडा सुनेच्या हाती दिला आणि म्हटलं, "घोट. आज तूच घोटशील, आणि मीठही तूच टाकशील." थोरली तोंडाला पदर लावून पाटावर बसली, साबण फाटायची वाट बघत. एक साबण गेला असता तर दुसरा झाला असता, त्याचं काही नाही. पण त्या पोरीचा आपल्या हातांवरचा भरवसा गेला असता, माझा गेला तसा. तो मला जाऊ द्यायचा नव्हता.

आणि आळेचना, माय. ती घोटून राहिली, घाम पुसून राहिली, तेल आपलं वरच्या वर. थोरली पुटपुटली, "पाह्य आता!" सुनेच्या डोळ्यांत पाणी आलं. "आई, मी सोडू का?" मी खाली वाकून बघते तर जाळ विझत आलेला. लाकडं सारली, फुंकलं, "हात थांबवू नको" म्हणून ओरडले. हळूहळू दांडा जड झाला, कढई एकरंगी झाली. तिने मीठ टाकलं तसा साबण वर आला, घट्ट, पिवळसर. थोरलीने जाताना गुपचूप चार वड्या पिशवीत टाकल्या. सून त्या दिवसापासून घरभर गात फिरते, बेसूर.

जिंकले ना मी? जिंकलेच. हे कुठे धाडायचं नाही, म्हणून एवढं लिहून टाकते. साबण आळत नव्हता तेव्हा मी आधी जाळाकडे पाहिलं नाही, माय. आधी तिच्या हातांकडे पाहिलं.